फुलांना दाखवलेलं ऊन

वसाहतीतल्या बायकांना चांगुणाचा हेवा वाटे. जेवणाला नावं न ठेवणारा नवरा अख्ख्या जेलरोडला शोधून सापडला नसता, आणि तिच्या घरात तो आयता बसलेला होता. पिठलं वाढा, कारलं वाढा, शाळेच्या घाईत करपलेली पोळी वाढा, निवृत्तीचं उत्तर ठरलेलं. "बरं आहे."

सव्वा वर्ष चांगुणा हे 'बरं आहे' ऐकत होती. एखाद्या दिवशी ताटात दगड वाढावा आणि काय म्हणतो ते पाहावं, असं तिच्या मनात येऊन जायचं.

आधीचा निवृत्ती असा नव्हता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी त्याने बायकोच्या स्वयंपाकाची झडती घेण्यात घालवली होती. चपला काढायच्या आधी त्याला चुलीवर काय आहे ते कळायचं. आमटीच्या वाफेवर नाक धरून तो सांगायचा, "या काळ्या मसाल्याला दोन महिने झाले. डब्याचं झाकण सैल आहे." झाकण खरंच सैल असायचं. सकाळभर चौथीची पन्नास पोरं सांभाळून आलेल्या बाईला हे ऐकून काय वाटत असेल ते वाटायचं. पण निदान घरात कुणीतरी जेवतंय हे कळायचं.

मग ब्याऐंशी साली, गणपतीच्या आधी, तो नोटांच्या प्रेसमधून सुटून सायकलवर घरी येत होता आणि म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही. निवृत्तीच्या डोक्याला मागून मार बसला, चार टाके पडले. टाके निघाले, जखम भरली, नाक मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी. आतली तार तुटते. जोडली गेली तर गेली." त्याच्यासमोर कांदा फोडला, लसूण ठेचला, रॉकेलचा बोळा धरला. तो नुसता बघत राहिला, कुणीतरी परक्या भाषेत बोलत असल्यासारखा.

चक्कर यायची म्हणून नोकरी मुदतीच्या आधी सोडली. सकाळी खुर्ची दारात, संध्याकाळी खुर्ची आत. जेवणाचं तेच. दोन घास, बरं आहे, पाणी.

दर महिन्याला चांगुणा त्याला नाशिकरोड स्टेशनवर न्यायची. गाडीसाठी नाही, तिथल्या वजनाच्या यंत्रासाठी. नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे आणि खालून पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पडण्याआधी तो बासष्ट किलो होता. त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात तिकीट पडलं त्यावर एकोणपन्नास होते. मागे छापलं होतं, 'आपण दिलखुलास आहात.' ते तिकीट चांगुणाने पर्समध्ये ठेवलं. माणूस असा थोडा थोडा करून संपतो, आणि आपण रोज त्याला दोन वेळा वाढत असतो, हे तिला सहन होईना. चिडावं तर कशावर? तो तर सगळं बरंच म्हणत होता.

त्या रात्री तिने ठरवलं, आता ती भांडी काढायची. जिच्यावरून आपण पंचवीस वर्षं भांडलो, ती बियर करायची भांडी.

ही विद्या निवृत्तीला देवळालीच्या कॅम्पात मिळाली होती. लढाई चालू असताना, अठरा वर्षांचा असताना, तो तिथल्या मेसमध्ये कामाला होता. विलायतेहून बियर येईनाशी झाली, तेव्हा एका गोऱ्या सार्जंटने मेसच्या मागे हंडे मांडले आणि स्वतःच ती करायला घेतली. पेल एल म्हणायचा तो तिला. रंगाने फिकी, अंगाने कडक, आणि हॉप नावाच्या वेलीच्या वाळल्या फुलांनी कडू केलेली. सार्जंटचं म्हणणं, गरम मुलखात ही टिकायची तर कडकच हवी आणि फुलं सढळ हाताने हवीत. आगबोटीत चार महिने हिंदकळली तरी नासता कामा नये. हे मल्हारीला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "आपली कुठं आगबोटीत बसणार हाय, दादा? पडवीतून निघाली की माझ्या पोटात."

मल्हारी म्हणजे निवृत्तीचा प्रेसमधला जोडीदार, मूळचा निफाडकडचा, तिसऱ्या गल्लीत राहणारा. चव बघायला त्यालाच बोलवायचे, पण त्याच्या मताला फार अर्थ नव्हता. बाटलीत असेल ते त्याला आवडायचं.

सार्जंट गेला, राज्य गेलं, निवृत्ती प्रेसमध्ये लागला, पण निफाडकडून थंडी सरकत आली की त्याचे हात शिवशिवायचे. तेवढा दीड महिनाच हे काम जमतं, एरवी नाशिकच्या उन्हात आंबवण बिघडतं. जव आणायचे, भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. फुलं आधी कुठून कुठून मिळवायचा. मुलगा नागसेन पलटणीत लागून तिकडे हिमाचलात गेल्यापासून दर हिवाळ्यात एक पिशवी यायची. परवाना नव्हता, तेव्हा सगळं बोलणं हळू आवाजात. गल्लीत या सगळ्याला 'काढा' म्हणत.

चांगुणाने छप्पन साली नवऱ्याच्या बरोबरीने दीक्षा घेतलेली. पाच शीलं तिने पाठ केली नव्हती, धरली होती. ती महिला मंडळाची चिटणीस. पौर्णिमेची वंदना तिच्याच घरी व्हायची. बायका हात जोडून दारू वर्ज्य करणाऱ्या पाचव्या शीलाला यायच्या, "सुरामेरय मज्ज पमादट्ठाना वेरमणि," आणि नेमकी तेव्हाच पडवीतली बरणी म्हणायची, बुडूक.

"बाई, तुमच्याकडं इडलीचं पीठ आंबतंय का हो?" मंडळाच्या अध्यक्ष गोजराबाई विचारायच्या.

"जव आंबतायत," चांगुणा सांगायची. खोटं ती बोलत नसे. चौथं शील मोडलं की बाकीची आपोआप सैल होतात, असं ती वर्गात आणि घरात सारखंच सांगायची.

"मी पीत नाही, तपासतो," निवृत्तीचा युक्तिवाद. आणि ते खरं होतं. हंगामाला तो अर्धा पेला घ्यायचा, तोही तोंडात घोळवत, डोळे मिटून. त्याला पिण्याची नव्हे, करण्याची नशा होती. प्रेसमध्ये तो हजारातला एक होता, पण पडवीत देवळालीचे निवृत्त सुभेदारसुद्धा त्याला 'उस्ताद' म्हणून गेले होते. चांगुणाला हे कळत होतं आणि म्हणूनच ती जास्त भांडायची. दारूने वाया गेलेल्या माणसाशी भांडणं सोपं असतं.

त्या नोव्हेंबरातल्या रात्रीनंतरच्या सकाळी ती दारातल्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"अहो, यंदा काढा करायचा का?"

निवृत्तीने मान वर केली. "कुणी?"

"तुम्ही."

"नाकाशिवाय?"

"माझं आहे ना. मी वास घेऊन सांगते, तुम्ही पुढचं बघा."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तू वास घेणार? बियरचा?"

"वास घेऊ नये असं शीलात नाही. मी पाहिलंय."

तो हसला नाही, पण त्याच्या मिशीचं एक टोक हललं. सव्वा वर्षात पहिल्यांदा.

आठ दिवसांत रविवार कारंजाच्या बाजारातून दहा किलो जव आले. चांगुणा सकाळची शाळा करून साडेबाराला घरी यायची, भाकरी टाकायची, आणि मग पडवीत. जव भिजवून पोत्यावर पसरायचे, दिवसातून तीनदा हाताने परतायचे. मटकीला मोड आणणारी बाई, तिला हे काही नवीन नव्हतं. नवीन होतं ते निवृत्तीचं पाठीमागे उभं राहून बोलणं. "अगं, दाबू नकोस. मोड तुटतात." "पोतं ओलं ठेव, पण चिंब नको." पन्नाशीला आलेल्या गुडघ्यांवर बसून जव परतताना तिला वाटायचं, नशीबही कसं असतं, ज्या कामावरून घर डोक्यावर घेतलं तेच काम आता आपल्या डोक्यावर. पण मागून आवाज येत होता. ती परतत राहिली.

जव वाळले, जात्यावर भरडून झाले. मग तो म्हणाला, "फुलांचा डबा काढ."

आदल्या हिवाळ्यात नागसेनने नेहमीप्रमाणे पिशवी पाठवली होती. तेव्हा निवृत्तीला ती बघायचीही नव्हती, म्हणून चांगुणानेच ती डब्यात भरून माळ्यावर टाकली होती. आता तिने स्टुलावर चढून डबा काढला, झाकण उघडलं.

मे महिना आठवला. उन्हाळ्यात माळा साफ करताना हा डबा तिच्या हातात आला होता. घरात गव्हाला ऊन दाखवायचं चाललेलं, मिरच्या पत्र्यावर पसरलेल्या. वर्षभर टिकवायची चीज म्हटली की तिला तीन दिवसांचं कडक ऊन द्यायचं आणि डब्यात तळाशी, मध्ये, वर कडुनिंबाचा पाला घालायचा, म्हणजे पोरकिडे होत नाहीत. हे तिच्या आईने केलं, सासूने केलं, तिने केलं. गव्हाला केलं, डाळीला केलं, आणि चांगल्या मनाने नवऱ्याच्या फुलांनाही केलं. निवृत्ती दरवर्षी ती फुलं काळ्या कापडात गुंडाळून, कोनाड्यातल्या अंधारात, बाळंतिणीसारखी का जपायचा, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

फुलं हिरवी राहिली नव्हती. जुन्या वहीच्या पानांसारखी पिवळट झाली होती. मधूनमधून निंबाचा पाला कुस्करून त्यांच्यात मिसळला होता. तिने पाला वेचायला घेतला. मोठा निघाला, बारीक चुरा निघेना.

"आणलीस का?" पडवीतून हाक आली.

तिने डबा नेला. निवृत्तीने न बघताच चार फुलं घेतली, दोन्ही तळव्यांत चुरली, जशी तो दरवर्षी चुरायचा, आणि ते तळवे तिच्या नाकासमोर धरले.

"सांग."

धूळ. वाळलं गवत. मागे कडुनिंब. एवढंच होतं. पडण्याआधी दर वर्षी याच तळव्यांतून उठलेला वास घरभर व्हायचा, तो तिला पाठ होता. तिला आवडायचा, हे तिने कधी कबूल केलं नव्हतं. ती खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली. तो तिच्याकडे बघत होता. नुसता तिच्या दिशेने नव्हे, तिच्याकडे. काहीतरी हवं असल्यासारखा.

"संत्र्याची साल," ती म्हणाली. "सोलताना उडते ना, तशी. आणि मागून ओलं गवत."

निवृत्तीने डोळे मिटले. "मागून थोडं डिंकासारखं?"

"हो. डिंकासारखं."

"पोराने चांगली फुलं पाठवली," तो म्हणाला.

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, चौथीच्या पोरांना खरं बोलायला शिकवणारी, न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. तिने स्वतःला समजावलं, की एका खोट्याने काय होतंय. आणि संध्याकाळी नागसेनला पोस्टकार्ड टाकलं, 'जमल्यास पिशवीभर फुलं ताबडतोब पाठव. बाबांना कळवू नकोस.'

पुढचे दीड-दोन महिने घर त्या काढ्याने चालवलं. पाण्याचा ताव बघायला निवृत्ती हंड्यात बोट घालायचा. दोन आकडे मोजून होईपर्यंत टिकलं तर बरोबर, तीन झाले तर गार, एकालाच ओढलं तर जास्त. जव त्यात तासभर मुरले, गाळून गोड पाणी निघालं, कडकपणासाठी दोन शेर साखर पडली. मग उकळी. फुलं तीनदा घालायची, उकळीच्या सुरुवातीला कडूपणासाठी, मध्ये चवीसाठी, आणि जाळ काढल्यावर वासासाठी. तिसऱ्या वेळी तो ओंजळ धरून थांबला.

"वास उठला की सांग. उठल्या उठल्या झाकायचं, नाहीतर वाफेबरोबर जातो."

ती हंड्यावर वाकली. चष्म्यावर वाफ धरली. उकडलेल्या जवाचा वास येत होता, पेजेसारखा, चांगला. बाकी काही नाही.

"उठला," ती म्हणाली. "झाका."

इराण्याच्या बेकरीतून खमीर आणलं, बरणी भरली, फडकं बांधलं. रोज सकाळी तो तिला बरणीपाशी न्यायचा. जे येत होतं ते ती खरंच सांगायची. पहिल्या दिवशी पावासारखा. तिसऱ्या दिवशी पिकल्या केळ्यासारखा. आठव्या दिवशी ओल्या भिंतीसारखा, मग तो काळजीने बरणी सावलीतून आणखी सावलीत सरकवायचा. आणि शेवटी विचारायचा, "आणि फुलं?"

"आहेत."

एकदा बोललेलं खोटं कामाला लावावं लागतं, हे तिला माहीत नव्हतं. रोज त्याला पाणी घाला, रोज बघा. शाळा, स्वयंपाक, बाटल्या धुणं यांनी ती दमत होतीच. याने जास्त दमली. पौर्णिमेला वंदना म्हणताना चौथ्या शीलाला, "मुसावादा वेरमणि" म्हणताना, तिचा आवाज बारीक झाला. गोजराबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं.

पण निवृत्ती पहाटे पाचला उठत होता. बुचं बसवायच्या हातयंत्राला तेल देत होता. दोनाच्या जागी तीन घास खात होता. डिसेंबरच्या शेवटी स्टेशनवर तिकीट पडलं, एक्कावन्न. मागे छापलं होतं, 'मित्रांपासून सावध.' चांगुणाने तिकीट पर्समध्ये ठेवलं आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर जरा वेळ बसून राहिली.

नागसेनचं उत्तर आलं. इकडे बर्फाने रस्ता बंद आहे, आई. मार्चनंतर बघतो.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, दुपारी, पहिली बाटली उघडायची ठरली. बावीस भरल्या होत्या. मल्हारी इस्त्रीचा सदरा घालून आला.

"वहिनी, तुमच्या हातची म्हणत्यात यंदाची."

"माझं फक्त नाक आहे, भाऊजी. हात त्यांचे."

"नाकाला पण सलाम."

बूच उडालं, फेस आला, काचेच्या पेल्यात ती उतरली. रंग सुरेख होता, उन्हात धरलेल्या मधासारखा. मल्हारीने एका दमात निम्मा पेला संपवला आणि मांडीवर थाप मारली. "लय भारी! दादा, आजवरची एक नंबर!"

"मागच्या खेपेलाही एक नंबरच म्हणाला होतास," निवृत्ती म्हणाला.

"मग? तवा ती होती, आता ही हाय."

निवृत्तीने आपला अर्धा पेला उचलला. एक घोट घेतला. तोंडात घोळवला, डोळे मिटले, गिळला. मग तसाच बसून राहिला. चांगुणा दारात उभी होती, पदर बोटाला गुंडाळत. त्याने दुसरा घोट घेतला. पेला खाली ठेवला.

"बरं आहे," तो म्हणाला.

चांगुणा आत गेली. काही काम नव्हतं, तरी तिने धुतलेली पातेली पुन्हा धुतली. दोन महिने. गुडघे, जव, हंडे, खोटं. आणि सगळं फिरून त्याच दोन शब्दांवर आलं. तिला रडू आलं असतं, पण त्यालाही जोर लागतो.

मल्हारीने दोन बाटल्या संपवल्या, एक पिशवीत घातली आणि ऊन कललं तसा गेला. निवृत्ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"चांगुणा. फुलांत कडुनिंब कुणी घातला?"

तिच्या हातातलं पातेलं मोरीत पडलं.

"नाक गेलंय माझं, जीभ नाही," तो म्हणाला. "फुलांचा कडूपणा जिभेवर येतो आणि जातो. हा घशात जाऊन बसलाय. लहानपणी आईने गोवरात पाजला होता, तोच."

मग तिने सांगितलं. माळा, पिशवी, मे महिना, पत्र्यावरचं तीन दिवसांचं ऊन, पाला. सांगताना ती मोरीकडेच बघत होती.

"ऊन दाखवलंस? त्या फुलांना?" त्याचा आवाज चढला. "अगं, उजेडसुद्धा सोसत नाही त्यांना! म्हणजे वास गेला होता. आधीच गेला होता. आणि मी तुला विचारलं, तळवे धरून विचारलं, तेव्हा संत्र्याची साल म्हणालीस!"

"म्हणाले."

"डिंकसुद्धा म्हणालीस!"

"डिंक तुम्ही म्हणालात. मी हो म्हणाले."

"पंचवीस वर्षं मला पाचवं शील ऐकवलंस. चौथं कुठं गेलं?"

हे तिला लागलं, कारण रोज पहाटे ती स्वतःला तेच विचारत होती. आणि लागलं म्हणून ती उलटली. ओले हात तसेच, चष्मा नाकावर घसरलेला.

"गेलं! तुमच्या 'बरं आहे'च्या पायी गेलं! सव्वा वर्ष मी ताट वाढतेय आणि तुम्ही बरं आहे, बरं आहे. खारट केलं मुद्दाम एकदा, तरी बरं आहे! एकोणपन्नासवर आलात. मी काय करायचं होतं? तुम्ही माझ्याकडे बघितलंत त्या दिवशी, म्हणून बोलले. थकले हो मी. भांडायलासुद्धा माणूस उरला नाही घरात."

निवृत्तीने पाट ओढला आणि भिंतीला टेकून बसला.

"खारट होतं ते," तो म्हणाला. "आषाढात. वाटाण्याची उसळ."

"कळलं होतं?"

"खारट कळतं. आंबट कळतं, तिखट लागतं. वास नसतो, बाकी असतं. मग काय सांगायचं होतं? रोज सांगू, की तुझ्या हातच्या आमटीला आमटीचा वास नाही? तू शाळेतून येऊन चुलीपुढे बसतेस. बरं आहे म्हटलं की तुला बरं वाटेल, असं वाटलं."

"मला बरं वाटलं नाही."

"ते आता कळतंय."

बाहेर नळाला पाणी आलं होतं, बादल्यांचा आवाज येत होता. दोघंही उठली नाहीत.

"म्हणजे चौथं दोघांनीही मोडलं," चांगुणा म्हणाली.

"मी सव्वा वर्ष. तू दोन महिने. तुझं कमी आहे." मग जरा वेळाने, "आणि त्या शेपूच्या भाजीत तू हल्ली डाळ कच्ची ठेवतेस. दाताखाली येते. पडण्याआधी ठेवत नव्हतीस."

चांगुणाने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याला फुंकणी मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याच्या शेजारी त्याच भिंतीला टेकून बसावंसंही. ती बसली, कारण गुडघे दुखत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी आली, तर एकोणीस बाटल्या मागच्या दारी ओळीने मांडलेल्या होत्या. निवृत्ती हातात बुचं उघडायची किल्ली घेऊन पायरीवर बसला होता.

"ओतायच्या. मल्हारीला सांगू नकोस. शोक करेल."

"सगळ्या? तो तर एक नंबर म्हणत होता."

"त्याचं नाव काय घेतेस! माझ्या हातची म्हणून असली बियर कुणाच्या पोटात जाणार नाही. मार्चनंतर फुलं येतील ती काळ्या कापडात. तू हात लावायचा नाहीस. पुढच्या थंडीला बघू."

पुढची थंडी. तो पुढच्या थंडीचं बोलला, हे चांगुणाच्या लक्षात आलं. तिने पदर खोचला आणि बाटल्या उचलून द्यायला लागली. तो बूच उडवायचा, बाटली उलटी करायचा. सोनेरी पाणी फेसाळत गटारात उतरत होतं. कोंबड्या जवळ आल्या आणि मागे सरल्या. गोजराबाई त्यांच्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय हो बाई, काढा बिघडला?"

"बिघडला," चांगुणा म्हणाली. "मीच बिघडवला. फुलांना ऊन दाखवलं."

"अगंबाई. पण ऊन तर दाखवावंच लागतं."

"या फुलांना नाही."

गोजराबाई आत गेल्या. शेवटची बाटली रिकामी झाली, तेव्हा निवृत्ती फेसाकडे बघत म्हणाला, "वास कसा येतोय?"

चांगुणा पदर धरून वाकली. एक श्वास घेतला. मग आणखी एक, खोल, डोळे मिटून, जसा तो घ्यायचा.

"गटाराचा," ती म्हणाली.

"नुसता गटाराचा?"

"नुसता गटाराचा. थोडा पेजेचा. आणि मागून कडुनिंब."

निवृत्तीने मान हलवली, समाधानाने, हिशेब जुळल्यासारखी. मग तो पायरीला हात टेकून उठला.

"चल. भूक लागलीय. आणि आज डाळ नीट शिजव."